दवाखाना तुमच्याकडं

आमचा संसार मोडला तेव्हा पाथरीला सासऱ्यांच्या ओसरीवर बैठक बसली. कोर्टकचेरी नको, असं दोन्हीकडच्या जाणत्या माणसांचं म्हणणं पडलं. माझ्या बाजूनं माझे चुलते, तिच्या बाजूनं सासरे आणि त्यांचे भाऊ, आणि मधे एक निवृत्त मास्तर. सकाळी बसलेली बैठक दुपार कलली तरी उठेना. दागिने कुणाचे, फ्रिज कुणाचा, शिलाई मशीन कुठं राहणार, सगळं निघालं. एका पितळी कळशीवरून तर माझे चुलते आणि सासऱ्यांचे भाऊ असे हमरीतुमरीवर आले की जणू दोघांच्याही घरी पाणी भरायला दुसरं भांडंच नव्हतं. मी भिंतीला टेकून मूग गिळून बसलो होतो. शेवटी मास्तर म्हणाले, "पोरगी आईपाशी राहील. खाणंपिणं, शाळा, कपडालत्ता यांच्याकडं. दवाखाना तुमच्याकडं." चुलत्यांनी मान हलवली. चहा आला, आणि बैठक उठली.

स्टँडवर येऊन बसची वाट बघताना माझ्या ध्यानात आलं की मी माझ्या लेकीला कधी भेटायचं, हे कुणी विचारलंच नाही. कळशीचं ठरलं होतं, माझं राहिलं होतं. चुलत्यांना तसं म्हणालो, तर ते तंबाखू मळत म्हणाले, "आता परत कशाला उकरायचं? लेक तुझीच हाय की. कवाबी जा."

कवाबी जा, हे सांगायला सोपं आहे. मी एकदा गेलोही. सासऱ्यांनी गेटाची कडी न काढताच विचारलं, "काय काम काढलं?" मी म्हणालो, "इकडं आलो होतो, सहज." मग त्यांनी कडी काढली. मला खुर्ची मिळाली, चहा मिळाला. लेक शिकवणीला गेली होती. ती कधी येईल, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. चहा संपल्यावर आम्ही दोघांनी समोरच्या लिंबाकडं बराच वेळ बघितलं, आणि मी उठलो. त्यानंतर गेलो नाही. माझा स्वभावच तसा आहे. मला कुणाच्या दारात उभं राहून काही मागता येत नाही. भीक तर नाहीच, पण हक्काचंही नाही. आई म्हणायची, हा ताटात मीठ नसलं तर अळणी खाऊन उठेल पण मीठ मागणार नाही.

परभणीत मी एका कार्यालयात कारकून आहे. दोन खोल्या भाड्यानं घेतल्यात. एकट्याचा भात नेहमी उरतो, कितीही कमी लावला तरी. टीव्ही चालू ठेवतो, बघत मात्र नाही, कुणीतरी बोलत असावं एवढ्यासाठीच. ऑफिसात सोमवारी सगळे रविवारी काय केलं ते सांगतात, तेव्हा मी फाइल शोधायला उठतो. एकटेपणा वाईट असतो हे ऐकून होतो, पण तो इतका रिकामटेकडा असतो हे माहीत नव्हतं. तो नुसता बसून राहतो घरात, माझ्यासारखाच.

अशात संक्रांतीनंतरच्या थंडीत सासऱ्यांचा फोन आला. बैठकीनंतर त्यांनी मला 'जावईबापू' म्हणणं सोडलं होतं, आणि त्याऐवजी काय म्हणावं ते त्यांना अजून सापडलं नव्हतं. त्यामुळं ते एकदम मधूनच सुरू झाले. "पोरगी गेटावर झोका खेळायली होती. पडली. डावा हात मोडलाय. गाडी करून निघालोय आमी. तुमी तिथं थांबा. दवाखाना तुमच्याकडं हाय."

हाडांच्या डॉक्टरच्या दारात मी त्यांच्या आधी पोचलो होतो. गाडीतून आधी सासरे उतरले, मग तिची आई, आणि आईच्या खांद्यावर माझी लेक. ती रडत नव्हती. रडून झालेलं होतं. डावा हात मनगटाच्या वर असा वाकला होता, जसा हात कुणाचाच वाकत नाही. मला बघून ती म्हणाली, "पप्पा, मला गेटावरनं कुणी खाली ढकललं न्हाई. मीच पडले." आधी हेच सांगावं असं तिला का वाटलं, कुणास ठाऊक.

एक्स-रेच्या खोलीत एकालाच जाता येत होतं. मी आणि तिची आई, दोघंही पुढं झालो आणि दोघंही थांबलो. मागून सासरे म्हणाले, "जाऊ द्या त्यांना." मग मला तो शिशाचा जड ॲप्रन घातला, आणि मी लेकीचा हात त्या थंड काचेवर धरला. फोटो काढणारा माणूस आतून ओरडला, "हलू नका." मी श्वाससुद्धा घेतला नाही. फोटो तिचा चालला होता, हे मागाहून ध्यानात आलं.

मनगटाच्या वरची दोन्ही हाडं मोडली होती. भूल देऊन डॉक्टरांनी ती ओढून बसवली आणि कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर घातलं. मग आम्हा तिघांना समोर बसवून म्हणाले, "आठवड्यानं परत आणा. सूज उतरली की प्लास्टर सैल पडतं, आणि आतल्या आत हाड सरकू शकतं. फोटो काढून बघावं लागेल. त्यानंतर पुन्हा एकदा बघू. प्लास्टर काढायच्या वेळी तर यावंच लागेल."

तिची आई भिंतीकडं बघत म्हणाली, "मला बालवाडीच्या नोकरीतून सारखी सुट्टी मिळणार न्हाई." सासरे माझ्याकडं न बघता म्हणाले, "दवाखाना तर यांच्याकडंच हाय."

एवढ्यावर ठरलं. लेकीचा हात मोडलेला, आणि बाप घरी जाताना शीळ घालतोय. काय म्हणावं याला? पण खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. बैठकीत जे मला कुणी दिलं नव्हतं, ते एका लोखंडी गेटानं दिलं होतं.

पुढच्या आठवड्यात ऑफिसातून रजा घेऊन मी सकाळची बस धरली. पाथरीला गेटापाशी ती तयार उभी होती. वेण्या घातलेल्या, हात गळ्यातल्या झोळीत. झोळी म्हणजे आजीच्या जुन्या साडीचा जांभळा तुकडा, गाठ मारून गळ्यात अडकवलेला. बसमध्ये तिनं खिडकी घेतली आणि प्लास्टरचा हात झोळीतून काढून सरळ माझ्या मांडीवर ठेवला. "धरा. मला जड होतो," म्हणाली. वाटेतलं मानवत येईपर्यंत माझ्या पायाला मुंग्या आल्या, पण मी पाय हलवला नाही.

किती बोलली ती त्या दिवशी. वर्गातली कोणती पोरगी कुणाशी कट्टी आहे, आबा झोपेत कसे शिट्टी मारतात, मांजरीनं कपाटात पिल्लं कशी घातली. तिचे पुढचे दोन दात पडून नवे आलेले होते. ते पडले कधी, मला माहीत नव्हतं. ती आता वांगं खाते, हेही मला नवीन होतं. माझ्यापाशी असताना ताटातलं वांगं गुपचूप माझ्या ताटात टाकायची. मी म्हणालो, "वांगं? तू?" तर म्हणाली, "पप्पा, मी आता मोठी झाले." माझ्या माघारी झाली, एवढंच मला वाईट वाटलं.

दवाखान्यात गर्दी होती. गुडघे धरून बसलेल्या म्हाताऱ्या, पडलेली पोरं, मोटरसायकलवरून घसरलेले तरणे. प्रत्येकाला घाई, प्रत्येकाला परतीची गाडी. आम्हाला कसलीच घाई नव्हती. कंपाउंडरनं आमचा नंबर पुकारला की मी मागच्या म्हातारीला म्हणायचो, "जा मावशी तुमी आधी. आमचं काय, सावकाश हाय." ती मला आशीर्वाद द्यायची. असे मी त्या दिवशी बरेच आशीर्वाद गोळा केले. कंपाउंडर मला देवमाणूस समजू लागला. लेक मात्र हळूच म्हणाली, "पप्पा, तुमाला आत जायची भीती वाटायलीय का?"

तो फोटो बघून मात्र माझ्या तोंडचं पाणी पळालं. डॉक्टरांनी फिल्म उजेडाच्या डब्यावर लावली आणि मला दिसलं की हाड पहिल्यासारखं सरळ नाही, थोडं कललंय. शिवाय मनगटाजवळ आणखी एक काळी रेघ. मी म्हणालो, "डॉक्टर, इथंही मोडलंय. तुमच्या नजरेतून सुटलंय." माझा आवाज चढला होता. चिडल्याशिवाय मला घाबरता येत नाही.

डॉक्टर हसले. "ती मोडल्याची रेघ नाही हो. ती वाढीची जागा आहे. लहान लेकरांचं हाड तिथून वाढतं. मोठं झालं की ती रेघ बुजते." आणि कलाबद्दल म्हणाले, "एवढा कल चालतो. मोठ्या माणसाचा असता तर मी परत ओढला असता. पोरांचं हाड वाढता वाढता आपलं आपण सरळ होतं. वर्षभरात कुठं मोडलं होतं ते सांगताही येणार नाही."

ती फिल्म मी घरी आणली आणि स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या काचेला चिकटपट्टीनं लावली. सकाळी चहा करताना ऊन त्यातून यायचं. मोबाइलमध्ये तिचे फोटो होते, पण ते सगळे संसार मोडायच्या आधीचे, ती बोबडं बोलायची तेव्हाचे. आताची ती माझ्यापाशी एवढीच होती, कोपरापासून बोटांपर्यंत. त्या काळ्या रेघेकडं मी रोज बघायचो. ती तिथून रोज थोडी थोडी वाढत होती, आणि मी पंचेचाळीस किलोमीटरवर बसून चहा पीत होतो. एकदा घरमालकीण पाण्याच्या मोटरीचं सांगायला आली आणि खिडकीकडं बघून दचकली. "कुणाचा हाय हा हात?" म्हणाली. मी म्हणालो, "लेकीचा." मला लेक आहे, हे तिला तेव्हा कळलं. किती दिवस राहत होतो मी तिच्या घरात.

पुढच्या फोटोच्या वेळी थंडी सरत आली होती. प्लास्टर आता पांढरं राहिलं नव्हतं. मामेभावंडांनी त्यावर फुलं, क्रिकेटच्या बॅटी, चांदण्या काढून ठेवल्या होत्या. फोटो काढून झाल्यावर आम्ही विद्यापीठाच्या रस्त्यावर झाडाखाली आलूबोंडे खात बसलो होतो, तेव्हा तिनं हात उलटा करून कोपराखालची जागा दाखवली. तिथं काहीच नव्हतं. "ही जागा तुमची. मी कुणाला काढू दिलं न्हाई," ती म्हणाली आणि दप्तरातून पेन काढलं. मी फार मन लावून हरीण काढलं. तिनं मान वाकडी करून बघितलं. "शेळी बरी जमलीय," म्हणाली. मी म्हणालो, "शेळीच हाय."

त्या वेळच्या फिल्ममध्ये हाडाभोवती धुरकट पांढरं काहीतरी जमलेलं दिसत होतं. डॉक्टर खूश होते. "छान जुळायलंय. नवीन हाड धरतंय. बघा, कसं गुंडाळून घेतलंय." मी मान हलवली. त्यांच्यासमोर बसलेल्या बापांपैकी हाड जरा सावकाश जुळावं असं वाटणारा मी एकटाच असेन. तसं वाटायचं, आणि वाटलं की माझाच मला राग यायचा. लेकरू एका हातानं जेवतंय, रात्री कूस बदलता येत नाही म्हणून कुरकुरतंय, आणि मी काय मागतोय? तरीही संध्याकाळी तिला गेटाच्या आत सोडून परतीच्या बसमध्ये बसलो की तिची खिडकीची जागा रिकामी असायची आणि माझी मांडी हलकी. मग परत तेच वाटायचं.

प्लास्टर काढलं त्या दिवशी उन्हाळा लागला होता. करवतीचा आवाज ऐकून तिनं माझा शर्ट गच्च धरला. आतून हात निघाला तो वाळलेल्या काडीसारखा, कातडीचे पापुद्रे सुटलेला. शेळी कचऱ्याच्या डब्यात गेली. डॉक्टरांनी मोडलेल्या जागी अंगठा दाबला, हात फिरवून बघितला, मूठ मिटायला लावली, आणि म्हणाले, "झालं. बेटा, खेळ आता. फक्त गेटावर चढायचं नाही."

मी म्हणालो, "फोटो?"

"आता नको."

"पण तुम्ही म्हणाला होता ना, बघावं लागतं."

"तेव्हा हाड सरकायची भीती होती. आता ते जुळलंय, दाबलं तरी दुखत नाही. फोटो काढून मी वेगळं काय करणार आहे? पूर्वी आम्हीही काढायचो दर वेळी, आईबापांचं समाधान म्हणून. पण लेकराच्या अंगात उगाच किरणं कशाला घालायची? दुखलं तर या."

त्यांचं बरोबरच होतं. मला वाद घालायला जागा नव्हती, म्हणून जास्तच राग आला. लेक माझ्याकडं बघत होती, मग डॉक्टरांकडं, मग परत माझ्याकडं. येताना बसमध्ये तिनं तो बारीक झालेला हात मांडीवर ठेवला, पण त्याला आता वजन नव्हतं. गेटापाशी उतरल्यावर मी तिला विचारलं, "येतो मी परत, हं?" ती म्हणाली, "कधी?" मी गेटाची कडी लावून घेतली.

मग काही आठवडे गेले. भात उरत राहिला. आणि एक दिवस सासऱ्यांचा फोन, नेहमीसारखा मधूनच सुरू झालेला. "हात दुखायलाय म्हणती. कालपासून जेवली न्हाई धड. दवाखाना तुमच्याकडं." मी हातातलं काम टाकून निघालो. जाताना काळजी होती, हे खरं. पण बसच्या खिडकीशी बसून मी केसांवरून कंगवा फिरवला, हेही खरं.

या वेळी तिनं स्वतःच झोळी गळ्यात घातली होती. डॉक्टरांनी विचारलं, "कुठं दुखतंय?" तिनं मनगट दाखवलं. त्यांनी मनगट दाबलं, तर म्हणाली, "तिथं न्हाई, वर." वर दाबलं, तर दुखणं कोपराकडं गेलं. मग त्यांनी टेबलावरचा पेपरवेट तिच्याकडं ढकलला, आणि तो पडू नये म्हणून तिनं चटकन डाव्याच हातानं धरला. सगळ्यांनी बघितलं. तिनंही बघितलं, आणि तिचा चेहरा पडला.

मी म्हणालो, "एक फोटो काढून टाकू ना. मनातली शंका नको."

"कुणाच्या मनातली?" डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. मग म्हणाले, "हात बरा आहे. उत्तम आहे. ह्या हातासाठी आता माझ्याकडं यायचं काम नाही." दारापर्यंत आम्हाला सोडायला आले, जे ते कधी कुणासाठी करत नसत. माझ्या खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणाले, "जरा बघा." काय बघा, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारायची गरज नव्हती.

परतीच्या बसमध्ये ती बाहेर बघत बसली. काढणी झालेली काळी रानं उन्हात पडली होती. कोल्हा पाटीचा थांबा मागं पडल्यावर तिनं न वळता विचारलं, "पप्पा, दुसरा हात मोडला तर?"

"तर काय?"

"तर परत आठवड्यानं फोटो काढत्यात ना? आन् मग परत?"

ती थट्टा करत नव्हती. ती हिशेब मांडत होती, शांतपणे, जसं एखादं लेकरू सुट्ट्या कधी लागणार ते मोजतं. मी तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणालो, "असं काही करायचं न्हाई. शपथ घे माझी." तिनं शपथ घेतली, पण तिला ती पटलेली दिसली नाही. मग तिनं विचारलं, "मग तुमी कशासाठी येणार?" मी तिला बरंच काही सांगत बसलो, ऑफिसचं, रजेचं. ती ऐकत होती. तिच्या प्रश्नाचं उत्तर त्यात कुठंच नव्हतं.

त्या आठवड्यात मला धड झोप आली नाही. डोळ्यांपुढं ते लोखंडी गेट यायचं आणि त्यावर चढणारी ती. मीठ न मागता अळणी खाऊन उठणं मला जमत होतं, आयुष्यभर जमलं होतं. पण आता माझ्या हट्टापायी लेक हाड मोडून घ्यायला निघाली होती. रविवारी सकाळी मी दाढी केली आणि पाथरीच्या बसमध्ये बसलो. वाटेत एकच वाक्य घोकत होतो, लेकीला भेटायला आलोय. साधं तर वाक्य. मानवतला ते जमल्यासारखं वाटलं, आणि पाथरीचा स्टँड आला तसं परत विस्कटलं.

सासरे गेटाच्या आत खुर्ची टाकून पेपर वाचत होते. मला बघून त्यांनी पेपर खाली केला. "मी न्हाई फोन केला," म्हणाले.

"न्हाई मामा. तुमी न्हाई केला."

"मग? आज तर रविवार. दवाखाना असतोय का उघडा?"

हो म्हणालो असतो तर सोपं होतं. जीभ तिकडं वळलीही होती. "दवाखान्याचं न्हाई," मी म्हणालो. "लेकीला भेटायला आलोय. तिला जरा घेऊन जातो. सांजच्याला आणून सोडतो."

त्यांनी पेपरची घडी केली, ती परत उलगडली, परत केली. त्यांच्या मागं दारात तिची आई येऊन उभी राहिली होती, हातात लाटणं तसंच. शेवटी सासरे म्हणाले, "बैठकीत असं काय ठरलं न्हवतं."

"न्हवतं ठरलं," मी म्हणालो. "ठरायचं राहून गेलं. म्हणून विचारायला आलोय."

तेवढ्यात आतून धावत येण्याचा आवाज आला. माझा आवाज तिनं ऐकला असावा. आईच्या बाजूनं वाट काढत ती ओसरीवर आली आणि पायरीवरच थांबली. पायात चप्पल, वेणी एकच घातलेली, दुसरी तशीच सुटलेली. गळ्यात ती जांभळी झोळी. आणि झोळीत उजवा हात.

मला वाटलं, हिनं मोडून घेतला. मी गेटाची कडी स्वतःच काढली आणि धावलो, पायरीवर गुडघे टेकले, हाताला स्पर्श करायला मन धजेना. ती माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "खरं न्हाई मोडला. डावा बरा झाला ना, म्हणून हा." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं, "आबा, लय दुखायलाय."

मला रडू आवरलं नाही. सासऱ्यांच्या अंगणात, तिच्या आईसमोर, ज्या माणसांसमोर मी कळशीच्या भांडणातही तोंड उघडलं नव्हतं, त्यांच्यासमोर मी लेकीच्या खांद्याला डोकं लावून रडलो. ती डाव्या हातानं माझ्या पाठीवर थोपटत होती.

मग सासऱ्यांचा आवाज आला. ते आमच्याकडं बघत नव्हते, लिंबाकडं बघत होते. कोणता हात मोडला होता ते त्यांना नीट माहीत होतं, गाडी त्यांनीच केली होती. परभणीतले दवाखाने रविवारी बंद असतात, हेही त्यांनीच मला मघाशी ऐकवलं होतं. "दुखायलाय म्हणती," ते घसा खाकरत म्हणाले. "दुखत असंल तर न्यावंच लागंल. दवाखाना तुमच्याकडंच हाय." मग दाराकडं वळून, "तिची दुसरी वेणी घाल गं. अशी जायलीय का ती?"

तिच्या आईनं लाटणं बाजूला ठेवलं आणि पायरीवर बसून वेणी घातली. मी शेजारीच उभा होतो. वेणीला रिबिन बांधून झाल्यावर तिनं झोळीची गाठ सरळ केली, उजवा हात त्यात नीट बसवला, आणि आत निघून गेली.

बसमध्ये लेकीनं खिडकी घेतली. पाथरी पूर्ण मागं पडेपर्यंत तिनं हात झोळीतच ठेवला, कुणी ओळखीचं चढलं तर काय घ्या. मानवतला गाडी थांबली तेव्हा तिनं झोळी डोक्यावरून काढली, मांडीवर ठेवून तिची चौकोनी घडी घातली आणि माझ्या शर्टाच्या खिशात सरकवली.

"हरवू नका," म्हणाली. "जाताना घालायचीय. आन् पुढल्या रविवारीबी लागंल."

मी खिशाचं बटण लावलं.